डॉक्टर हू पुन्हा लावली: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश टीव्ही मालिका कंटाळून सोडली असेल तर परत लावा, पण जिथे सोडली तिथून पुढे लावू नका. मी 2014 ला सोडली होती. भिंतीला भेग का पडली, रिव्हर सॉंग नक्की कोण, डॉक्टर मरणार की नाही... मॅट स्मिथ डॉक्टर असताना कोडी सीझनभर ताणायची आणि उत्तर मिळतंय तोवर त्यातून नवं कोडं काढायचं, असं चाललं होतं. त्याच्यानंतरचा डॉक्टर पीटर कपाल्डी येईपर्यंत माझाच दम निघाला. गेल्या पावसाळ्यात सांगलीत घरी अडकून पडलो तेव्हा पुन्हा सुरू केली आणि आता रात्री जेवणं झाली की एक भाग ठरलेला.

ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 23 नोव्हेंबर 1963 ला बीबीसीवर सुरू झाली, 1989 ला बंद पडली, 2005 ला पुन्हा उभी राहिली. निळ्या पोलीस बॉक्समधून कुठल्याही काळात जाणारा परग्रहावरचा डॉक्टर. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो. पहिल्या नटाची, विल्यम हार्टनेलची, तब्येत खालावली तेव्हा 1966 मध्ये काढलेली ही युक्ती, आणि मालिका आजवर तिच्याच जिवावर तगली आहे.

मित्रमंडळींचं घोडं इथेच अडतं. "टेनंट (स्मिथच्या आधीचा डॉक्टर) गेला, मजा गेली." अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यात काहीच वावगं वाटलं नाही. भावे नाट्यमंदिरात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. म्हणाले, "अरे, शारदा कितीजणींनी केली! नटी बदलली म्हणून आम्ही तिकीट काढायचं सोडलं का? उलट ही कशी करते बघू म्हणून मुद्दाम जायचो." 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या देवलांचं हरिपूर इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा हे ज्ञान घरातच होतं. तेव्हापासून मी प्रत्येक डॉक्टरला नवा संच समजून बघतो आणि सीझनभराच्या कोड्यांकडे सरळ दुर्लक्ष करतो. मालिका एकदम हलकी झाली.

याचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो कपाल्डीला. 2015 चा 'हेवन सेंट' हा भाग पाहा. जवळजवळ पाऊण-एक तास एकटा नट, चहूबाजूंनी समुद्र असलेला किल्ला आणि मागे सावकाश चालत येणारं एक बुरखाधारी भूत. डॉक्टर समुद्रात पडून ओलाचिंब वर येतो, तर शेकोटीजवळ अगदी त्याच्यासारखेच कपडे वाळत घातलेले. तो ते चढवतो, स्वतःचे ओले तिथेच टाकतो आणि पुढे जातो. पाहताना सहज निसटून जाणारी गोष्ट. (पुढचं वाक्य भाग न पाहिलेल्यांनी वगळा.) तो तिथे पहिल्यांदा आलेलाच नसतो, हिऱ्यापेक्षा 400 पट कठीण भिंतीवर ठोसे मारत, मरत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत त्याला साडेचार अब्ज वर्षं लागतात. मी लगेच मागे जाऊन तो कपड्यांचा प्रसंग पुन्हा पाहिला. अण्णांचं मत: एकपात्री म्हणून चोख, पार्श्वसंगीत जास्त. कपाल्डीचं स्कॉटिश इंग्रजी मात्र सबटायटल्स लावल्याशिवाय कळणार नाही, आणि मराठी सबटायटल्स मला मिळाली नाहीत. दुभाष्याचं काम माझ्याकडे.

कपाल्डीनंतर डॉक्टर झालेल्या जोडी व्हिटेकरच्या संचाबद्दल लोक नाकं मुरडतात. तिच्यापेक्षा लिखाण कच्चं आहे, पण 2018 चा 'डीमन्स ऑफ द पंजाब' चुकवू नका. लेखक विनय पटेल, काळ ऑगस्ट 1947. फाळणीची रेघ एका लग्नघरातून जाते: नवरा हिंदू, नवरी मुसलमान. परग्रहावरचे राक्षस मारायला आलेत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात ते एकट्याने मरणाऱ्या माणसांच्या शेजारी उभं राहायला आलेले असतात. चित्रीकरण स्पेनमध्ये झालंय आणि मागचे डोंगर बघून ते ओळखू येतं, पण तेवढं सोडून देता येतं. सहसा बोलत बघणारे अण्णा त्या भागात बोलले नाहीत.

तक्रारी आहेतच. 2020 मध्ये डॉक्टरच्या जन्माचीच कहाणी बदलून टाकली, हार्टनेलच्याही आधी अनेक अवतार होऊन गेले म्हणे. कुणी मागितलं होतं हे? तिच्या नंतरच्या काळातला डॉक्टर शुटी गॅटवा तरतरीत आहे, पण 2024 आणि 2025 चे सीझन आठ-आठ भागांचे. 2005 मध्ये तेरा असायचे. माणूस ओळखीचा होईतो निरोप. शिवाय कुठले जुने सीझन कुठल्या अ‍ॅपवर आहेत हे सारखं बदलतं, तेव्हा वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेण्याआधी यादी तपासा.

सध्या आम्ही हार्टनेलच्या कृष्णधवल भागांवर आलोय. पहिली कथा लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली. पंचवीस मिनिटांचे भाग, गती संथ, सेट पुठ्ठ्याचे, आणि अण्णांना हे सगळं नव्यापेक्षा जास्त आवडतंय. साठच्या दशकातले बरेच भाग बीबीसीने टेप पुसून पुन्हा वापरल्यामुळे गेले. त्यांचा फक्त आवाज उरलाय, काहींना अ‍ॅनिमेशन जोडलंय. ते अण्णांना चालत नाही, म्हणून त्या कथा आम्ही वगळतो.