बिलावर नवी बेअरिंग, फ्रेममध्ये जुनीच

चढाला जोर लावला की खालून कटकट येते म्हणून बीबी30 फ्रेमची (जिच्यात पॅडलच्या आसाची बेअरिंग थेट फ्रेममध्ये दाबून बसवतात) सायकल दुकानात जाते. बिल येतं: 'बॉटम ब्रॅकेट बेअरिंग 2 नग, प्रेसिंग मजुरी', म्हणजे पॅडलच्या आसाची बेअरिंग आणि ती दाबून बसवण्याची मजुरी. बऱ्याचदा झालेलं काम एवढंच असतं: क्रँक (पॅडलचे दांडे) काढून जुन्या बेअरिंगचं सील (कडेचं रबरी झाकण) टोच्याने उचकायचं, ग्रीस कोंबायचं, सील परत दाबायचं. ताजं ग्रीस आवाज झाकतं. दोन-चार पावसाळी राइड झाल्या की कटकट पुन्हा हजर.

क्रँक उतरवून सीलची आतली कड उजेडात धरा. नव्याची कड सलग असते. उचकलेल्याला बारीक खाच पडते किंवा रबराचा ओठ मुडपतो. बोटाने फिरवा. कोरं बेअरिंग ग्रीसमुळे किंचित जड पण गुळगुळीत फिरतं, जुनं वाळू भरल्यासारखं खरखरतं.

खरंच नवं घातलं तरी माल नकली असू शकतो. माप 30 × 42 × 7 मिमी. जपानी कंपन्या याला 6806 म्हणतात, स्वीडिश कंपनी एसकेएफ मात्र 61806. म्हणजे एसकेएफचं नाव आणि शेजारी नुसतं 6806 छापलेलं दिसलं, तर ते घेऊच नका. खोक्याचा फोटो एसकेएफ ऑथेंटिकेट अ‍ॅपवरून तपासायला पाठवता येतो.

तिसरी लबाडी सर्वांत महागात पडते. जुनं बेअरिंग पलीकडच्या बाजूने पंच घालून ठोकत काढतात, तेव्हा सगळा मार आतल्या कड्यावर बसतो आणि गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात. असं काढलेलं बेअरिंग धुऊन परत बसवलं, की ते मेलंच समजा. नवं बेअरिंग दाबून बसवायचं काम घरीही नीट होतं: 12 मिमीचा थ्रेडेड रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि बाहेरून 40-41 मिमीचं सॉकेट, म्हणजे दाब फक्त बाहेरच्या कड्यावर येतो. आतली सर्क्लिप (बेअरिंगला अडवणारी स्प्रिंगची कडी) काढायची नाही. बेअरिंग तिला टेकलं की थांबायचं. तिरकं जायला लागलं तर जोर न लावता मागे घ्या, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं शेल (बेअरिंग बसतं ती फ्रेममधली नळी) ओरबाडतं.

आणि 'शेल सैल झालंय, फ्रेम बाद' हे वाक्य ऐकलं तर आधी पॅडल, चेनरिंगचे बोल्ट, सीटपोस्ट तपासा. बऱ्याचदा कटकट तिथलीच निघते. शेल खरंच किंचित सैल असेल, तर शेल आणि बेअरिंगचे दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लॉक्टाइट 609 (बेअरिंग घट्ट धरणारा चिकट द्रव) लावतात आणि रात्रभर सायकलला हात लावत नाहीत.