'हे देवाचे दान' मधले 'हे' म्हणजे काय? बायबल हबची शब्दवार पाने

इफिसकरांस पत्र २:८ ('कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे; हे तुमच्या हातून नाही, हे देवाचे दान आहे' अशा आशयाचे वचन) निघाले की बायबल अभ्यासात हमखास वाद होतो: 'हे देवाचे दान आहे' यातले 'हे' म्हणजे तारण, की विश्वाससुद्धा? वाद अंदाजपंचे न घालता शब्द समोर ठेवून घालायचा असेल, तर बायबल हब या संकेतस्थळाची 'इंटरलिनियर' पाने, म्हणजे मूळ ग्रीक शब्दाखाली त्याचा अर्थ देणारी पाने, फार कामाची आहेत. फुकट आहेत, खातेही उघडावे लागत नाही. पाने इंग्रजीत, म्हणून शेजारी बायबल सोसायटीचे मराठी पवित्र शास्त्र उघडे हवे.

शोधपेटीत वचन टाका आणि 'इंटरलिनियर' दाबा. प्रत्येक ग्रीक शब्दाच्या डोक्यावर स्ट्राँगचा क्रमांक (स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा), खाली इंग्रजी अर्थ आणि अगदी तळाला व्याकरणाचा संकेत दिसतो. बहुतेकांची नजर अर्थावर थांबते, खरा माल तळाशी असतो. 'पिस्तिस' म्हणजे विश्वास (४१०२). त्याखाली 'जीएफएस', मधले 'एफ' म्हणजे स्त्रीलिंग. 'खारिस', कृपा, तीही स्त्रीलिंगी. पण 'तूतो', म्हणजे 'हे', त्याखाली 'एनएनएस', मधला 'एन' म्हणजे नपुंसकलिंग. सर्वनाम दोन्ही नामांशी जुळत नाही.

हिंदीत नपुंसकलिंगच नाही, तिथे हा मुद्दा समजावताना दमछाक होते. आपल्याला हा-ही-हे लहानपणापासून तोंडात बसलेले. पण चकवाही मराठीतच आहे. आपल्या भाषांतरात 'तुमचे तारण' हे नपुंसकलिंगी नाम जवळच बसले आहे, त्यामुळे 'हे' त्यालाच चिकटते. ग्रीकमध्ये तिथे नाम नाहीच, 'तारलेले आहात' असे क्रियारूप आहे. मग 'तूतो' अख्ख्या विधानाकडे बोट दाखवते असे मानणे सरळ, आणि त्या विधानात 'विश्वासाच्या द्वारे' हेही आलेच.

संकेत पाहून वाद मिटला असे मात्र समजू नका. ग्रीक ही ज्याची रोजची भाषा, त्या योहान क्रिसोस्तोम या चौथ्या शतकातल्या उपदेशकाने इथे विश्वाससुद्धा आपला नाही असा अर्थ घेतला. आणि विश्वासही देवच देतो असे शिकवणारा, म्हणून ज्याच्याकडून तशी अपेक्षा असते, तो धर्मसुधारक कॅल्विन या वचनात दान म्हणजे तारण असे म्हणतो.

म्हणून एका वचनावर अडून न बसता क्रमांक दाबत पुढे जा. या साइटचा सर्वात मोठा फायदा तोच. २ पेत्र १:१ मध्ये विश्वास 'मिळालेल्या' लोकांना पत्र आहे. त्या क्रियापदाचा क्रमांक २९७५ दाबला की नव्या करारातल्या चारच जागा समोर येतात. त्यांपैकी लूक १:९ मध्ये जखऱ्याच्या नावाची चिठ्ठी निघते आणि योहान १९:२४ मध्ये शिपाई झग्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघावी तसा वाट्याला आलेला विश्वास! साध्या 'मिळालेल्या'त ही छटा दिसत नाही. फिलिप्पैकरांस १:२९ चे क्रियापदही पाहा. ते 'खारिस'च्याच कुळातले. सोसायटीच्या मराठीत इथे 'कृपा' आहे, हे भाषांतर उत्तम.

चूक होते ती 'दान' शब्दाने शोधताना. १ करिंथ १२:९ मधला 'विश्वास' लगेच हाती लागतो आणि लोक तो इथे जोडतात. पण तिथे काहींनाच दिलेल्या कृपादानांची यादी आहे. तारणाचा विश्वास सगळ्याच विश्वासणाऱ्यांचा. शिवाय ग्रीक शब्दही वेगळे: तिथे 'खारिस्मा' (५४८६), इफिसकरांसमध्ये 'दोरोन' (१४३५). 'दोरोन' नव्या करारात १९ वेळा येतो, बहुतेक ठिकाणी माणसाने देवाला वाहिलेले अर्पण म्हणून. देवाने माणसाला दिलेले 'दोरोन' फक्त इथेच.

'कॉमेंटरीज' या भागात बरीच भाष्ये एका पानावर मिळतात, पण बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली. पहिले वाचून थांबू नका, खालचे अनेकदा उलट बोलते. आणि हे काम शक्यतो संगणकावर करा. मोबाइलवर शब्दांच्या ओळी तुटतात आणि तळाचा संकेत बारीक दिसतो.