पट्टीवर ऑइल वाढते तेव्हा: चौदा महिने वापरलेल्या नव्या पिकअपचा अनुभव

जून २०२४ मध्ये आमच्या रोपवाटिकेसाठी दीड टन वर्गातील नवी डिझेल पिकअप घेतली. आज तिचे २३,४०० किलोमीटर झाले आहेत. हौदा, पाटे, केबिन, ॲव्हरेज यांविषयी मी येथे विशेष लिहिणार नाही, कारण या वर्गातील गाड्या वापरणाऱ्यांना त्या गोष्टी ठाऊकच असतात आणि त्यांबाबत माझी तक्रारही नाही. ओझे ती निमूट ओढते, क्लच अजून पहिलाच आहे आणि ॲव्हरेज बाराच्या आसपास मिळते. माझे सारे लक्ष या चौदा महिन्यांत एकाच प्रश्नाने वेधून घेतले, तो म्हणजे इंजिन ऑइल नेमके कधी बदलायचे. या प्रश्नावर माझे मत तीनदा बदलले, सर्व्हिस सेंटरशी एकदा चांगलाच वाद झाला आणि प्रयोगशाळेच्या तपासणीवर पैसेही गेले. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला तेव्हा पहिले ऑइल पन्नास तासांनी बदलले होते आणि वडिलांच्या जुन्या जीपचे पाचशे किलोमीटरला. नव्या इंजिनात सुरुवातीला धातूचा कीस पडतो, तो लवकर काढून टाकावा, हे घरात पिढीजात ठरलेले होते. त्यामुळे १,०५० किलोमीटरला पहिल्या मोफत तपासणीसाठी गाडी नेली तेव्हा ऑइल बदलून द्या असे मी सांगितले. काउंटरवरच्या गृहस्थांनी पुस्तिका उघडून दाखवली: पहिला ऑइलबदल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि त्यानंतर दर २०,००० किलोमीटर. मला ते पटले नाही. मी २,१०० किलोमीटरला ओळखीच्या मिस्त्रीकडून स्वखर्चाने ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. बिल ३,१४० रुपये झाले.

त्या खर्चाविषयी माझे आजचे मत वेगळे आहे. हल्लीच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंती कारखान्यातच अशा घासून तयार केलेल्या असतात की पिस्टनच्या रिंगा बसण्याचे बरेचसे काम गाडी आपल्या हाती येण्यापूर्वीच झालेले असते आणि उरलेला मोठा कण फिल्टर अडवतो. लवकर ऑइल बदलल्याने नुकसान काहीच होत नाही, परंतु ते ३,१४० रुपये मी पाच-सहा हजार किलोमीटरला खर्च केले असते तर त्यांचा उपयोग अधिक झाला असता. शिवाय त्या पहिल्या ऑइलचा नमुना मी जपून ठेवला नाही, त्यामुळे त्यात कीस किती होता हे सांगण्याचा आधारही माझ्यापाशी नाही.

नवे ऑइल तीनशे किलोमीटरच्या आत काळे झाले तेव्हा मी घाबरलो होतो. ती भीती अनाठायी होती. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरणारच, आणि धुराचा काही भाग ईजीआर नावाच्या यंत्रणेतून पुन्हा इंजिनात फिरवला जातो तेथे ती अधिक उतरते. ती काजळी बारीक अवस्थेत तरंगत ठेवणे हे ऑइलमधील रसायनांचे कामच आहे. बोटावर घेऊन रंग पाहणे आणि अंगठ्याने चोळून ऑइल संपले की नाही ते ठरवणे ही पद्धत आमच्या भागात सर्रास चालते, मीही तीच वापरत होतो, आणि ती मी आता सोडून दिली आहे.

खरी गोष्ट ५,९०० किलोमीटरला समोर आली. सकाळी गाडी काढण्यापूर्वी चालकाने ऑइलची पातळी मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि तो म्हणाला, “भाऊ, ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलंय.” मी स्वतः पुसून पुन्हा पाहिले. आमच्या गाडीच्या पट्टीवर खालच्या व वरच्या खुणेत २० मिलिमीटर अंतर आहे आणि पुस्तिकेप्रमाणे तेवढ्या अंतरात दीड लिटर ऑइल बसते, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे साधारण ७५ मिलिलिटर. ऑइल बदलले तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली होती, ती आता खुणेच्या तीन मिलिमीटर वर गेली होती. कोणी थेंबभर ऑइल घातलेले नसताना जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर द्रव इंजिनात वाढला होता.

सर्व्हिस सेंटरमध्ये मला सांगण्यात आले की बाहेरच्या मिस्त्रीने जास्त भरले असेल, वरचे काढून देतो, बाकी काळजी करू नका. मी काढू दिले नाही. बदलताना घेतलेली पातळी माझ्या वहीत तारखेसह लिहिलेली होती आणि वाढलेला द्रव काय आहे हे कळल्याशिवाय तो फेकून देणे मला योग्य वाटले नाही. पट्टीच्या नळीतून छोट्या पंपाने शंभर मिलिलिटर नमुना काढला आणि ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला. ऑइलमध्ये सहा टक्के डिझेल मिसळले होते. शंभर अंश सेल्सिअसला ऑइलचा घट्टपणा ११.४ सेंटिस्टोक्स भरला होता. आम्ही १५डब्ल्यू-४० ऑइल वापरतो, यातील ‘४०’ हा आकडा गरम ऑइलच्या घट्टपणाचा दर्जा सांगतो, आणि त्याची किमान मर्यादा १२.५ आहे. म्हणजे डब्यावर चाळीस लिहिलेले ऑइल प्रत्यक्षात तीसच्या दर्जाला उतरले होते, आणि तेही अवघ्या ३,८०० किलोमीटरमध्ये. पुस्तिकेतील १०,००० ची वाट पाहिली असती तर बेअरिंगांवर आणि टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागावर) काय वेळ आली असती, या विचाराने मी अस्वस्थ झालो.

डिझेल ऑइलमध्ये शिरते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच ऑइलबदलाचे उत्तर आहे. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या, धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष पाळणाऱ्या डिझेल गाड्यांत धुराच्या मार्गावर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो. तो भरत आला की गाडी त्यातील काजळी आपोआप जाळते. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते मिळवण्याकरिता पुष्कळ इंजिनांत पिस्टन खाली जात असताना सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा डिझेल सोडले जाते. त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि रिंगांवरून सरकत खाली ऑइलच्या टाकीत उतरतो. पेट्रोल असते तर गरम ऑइलमधून ते बरेचसे उडून गेले असते, परंतु डिझेल उकळायला ऑइलच्या नेहमीच्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते, म्हणून ते तेथेच साचून राहते.

आता आमचा वापर पाहा. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कोबीच्या रोपांचे ट्रे घेऊन गाडी दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील वस्त्यांवर जाते. एक फेरी सहा ते बारा किलोमीटरची असते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही आणि ट्रे उतरवताना इंजिन चालूच असते. काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरू होते, ती अर्धवट असताना चालक वस्तीवर पोहोचून इंजिन बंद करतो, आणि पुढच्या फेरीत गाडी पुन्हा पहिल्यापासून डिझेल ओतू लागते. मीटरवर अशा दिवसाचे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर पडतात. अमेरिकेतील मोठ्या पिकअप ट्रकांच्या बाबतीत एक तास जागेवर चालणारे इंजिन म्हणजे साधारण २५ ते ३३ मैलांचा प्रवास, म्हणजे सुमारे ४० ते ५० किलोमीटर, असे धरण्याची पद्धत आहे. तो हिशेब लावला तर आमच्या गाडीचे इंजिन मीटरपेक्षा बरेच पुढे गेलेले आहे. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा दिवा मात्र आमच्या गाडीत केवळ किलोमीटर आणि महिने मोजतो. या गाडीतील ही उणीव मला सर्वांत अधिक खटकते. इंजिन किती तास चालले आणि फिल्टर किती वेळा जाळला गेला याची माहिती आतल्या संगणकाकडे असताना ती मालकाला पडद्यावर का दिसू नये, हे मला समजत नाही.

अहवाल हाती घेऊन मी ६,३०० किलोमीटरला ऑइल बदला असे सांगायला गेलो तेव्हा वाद झाला. दिवा लागल्याशिवाय बदलता येणार नाही, आणि बाहेर बदलले तर वॉरंटीचा प्रश्न निर्माण होईल, असे दोन्ही बाजूंनी अडवणारे उत्तर मिळाले. मी तेच लेखी मागितले. लेखी मिळाले नाही, परंतु पुस्तिकेची शेवटची पाने उलटताना ‘कठीण वापर’ या मथळ्याखालील ओळी मला सापडल्या: वारंवार छोटे अंतर, धुळीचे रस्ते, दीर्घकाळ जागेवर चालणारे इंजिन, सततचे पूर्ण ओझे; अशा वापरात ऑइलबदलाचे अंतर निम्मे करावे. या चारही अटींत आमची गाडी बसत होती. मोफत तपासणीच्या वेळी जी पुस्तिका मला आत्मविश्वासाने उघडून दाखवली गेली तिच्याच शेवटी ही सूचना होती, ती कोणी दाखवली नाही. अखेर जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदावर, ‘कठीण वापर’ असे लिहून घेतले आणि ऑइल बदलून घेतले. माझी विनंती आहे की ज्यांची गाडी अशा कामात आहे त्यांनी हे दोन शब्द पहिल्याच सर्व्हिसच्या कागदावर नोंदवून घ्यावेत.

ऑइलच्या प्रतीबाबतही येथेच सांगतो. बाजारात डिझेल इंजिनाचे जुन्या, सीआय-४ दर्जाचे ऑइल स्वस्त मिळते आणि पुष्कळ मिस्त्री ‘चाळीसच आहे ना’ म्हणून तेच सुचवतात. आमच्या पुस्तिकेत त्यानंतरचा सीके-४ दर्जा सांगितला आहे आणि त्याला कारण आहे. ऑइलमधील कॅल्शियमसारख्या घटकांची जळल्यावर राख होते. डीपीएफमधील काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही, ती साचतच राहते. सीके-४ मध्ये या राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे. जुन्या ऑइलांत राख अधिक असे, कारण डिझेलमधील गंधकापासून होणारे आम्ल मारण्यासाठी ते घटक भरपूर लागत. आता डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत केवळ दहा भाग असतो, बीएस-४ च्या वेळी तो पन्नास होता. त्यामुळे बाहेर ऑइल बदलले तरी बिलावर दर्जा आणि ग्रेड पूर्ण लिहून घेतो.

६,३०० नंतर मी ठरवून टाकले होते की आता दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलायचेच. सोबत दोन सवयी बदलल्या. उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढलेला असेल, पंखा जोरात फिरत असेल आणि गरम वास येत असेल तर काजळी जळत आहे असे समजून इंजिन बंद करायचे नाही, हे चालकाला समजावले. तसेच आठवड्यातून दोनदा शेवटची फेरी संपल्यावर गाडी पिंपळगाव बसवंतच्या पुढे मुंबई-आग्रा महामार्गावर साठच्या वेगाने पंचवीस-तीस मिनिटे सलग चालवायची. या फेऱ्यांचे डिझेल मला प्रारंभी जिवावर आले, म्हणून चांदवडकडची रोपे त्या दिवसांसाठी राखून ठेवू लागलो. ११,५०० ला, म्हणजे ५,२०० किलोमीटर चाललेल्या ऑइलचा दुसरा अहवाल आला: डिझेल दोन टक्के, घट्टपणा १३.१, आणि लोह व तांबे पहिल्या अहवालापेक्षा कमी. ऑइलमध्ये अजून दम होता. मी ते फेकून दिले हे मला खटकले, आणि पाच हजारांचा हट्ट सोडून पुढचा बदल १९,००० ला, ७,५०० किलोमीटरवर केला.

काटकसरीचा हिशेबही मांडतो. ३,१४० रुपयांचा बदल दर १०,००० किलोमीटरला केला तर किलोमीटरमागे सुमारे ३१ पैसे पडतात आणि ७,५०० ला केला तर ४२ पैसे. डिझेल किलोमीटरमागे साडेसात रुपयांचे जळते. अकरा पैसे वाचवण्यासाठी टर्बो पणाला लावण्याची माझी तयारी नाही, पण गरज नसताना ६३ पैसे घालवून दर पाच हजारांना ऑइल ओतून देणेही मला मान्य नाही.

म्हणून सध्या नियम असा आहे: ७,५०० किलोमीटर, किंवा पट्टीवरची पातळी बदलाच्या दिवसापेक्षा चार मिलिमीटर वर जाणे, किंवा आठ महिने, यांपैकी जे आधी घडेल ते. पातळी खूप चढू देणे केवळ ऑइल पातळ होण्यापुरते नसते. जास्त साचलेले ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे ऑइलच्या टाकीतील वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून, सिलिंडरमध्ये ओढले गेले तर चावी बंद केल्यावरही इंजिन स्वतःचे ऑइल जाळत धावत सुटू शकते. आमचे आवार उताराचे असल्याने मापात चूक होत असे, म्हणून पाण्याच्या टाकीजवळ गाडीच्या मापाची सपाट फरशी करून घेतली. दर सोमवारी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तेथेच पट्टी पाहिली जाते आणि आकडा वहीत लिहिला जातो. काढलेले ऑइल गटारात किंवा बांधावर न टाकता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाणाऱ्या पिंपात भरतो.

१९,००० पासून आजपर्यंत ४,४०० किलोमीटरमध्ये पातळी दीड मिलिमीटर वाढली आहे. गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरने त्यांच्या जॉबकार्डावर प्रथमच ऑइलची पातळी मिलिमीटरमध्ये लिहून दिली.