‘उंच’ या एका शब्दापाशी अडलेलं स्पॅनिश: वर्णनाच्या खेळांचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. शाळेत आठवीच्या दोन तुकड्या, आणि शनिवारी संध्याकाळी नऊ मोठ्या माणसांची एक बॅच. ‘माणसाचं वर्णन’ हा भाग दरवर्षी पुस्तकातून घ्यायचे. चित्र, शब्दांची यादी, रिकाम्या जागा. मुलं पेपरात मार्क मिळवायची आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बहिणीबद्दल एक वाक्य बोलता येत नसे. म्हणून गेल्या जूनमध्ये ठरवलं की या वर्षी हा भाग खेळांतूनच घ्यायचा, आणि एकदा घेऊन सोडायचा नाही, फेब्रुवारीपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायचा. पाच-सहा खेळ वापरले. एक बंद केला, एक स्वतः तयार केला, आणि तोच आता माझ्या पिशवीत कायम असतो.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, ‘किएन एस किएन’ने. म्हणजे ‘कोण कोण आहे’. चोवीस चेहऱ्यांचा तो प्रसिद्ध पट. लॅटिन अमेरिकेत त्याला ‘आदिविना किएन’ म्हणतात. समोरच्याने एक चेहरा मनात धरायचा, आपण हो-नाहीचे प्रश्न विचारत पट्ट्या पाडत जायच्या. मुलांना हा खेळ इतका आवडला की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू यायची नाही. ‘तिएने बार्बा?’ दाढी आहे का? ‘येवा गाफास?’ चष्मा लावतो का? पहिल्या दोन आठवड्यांत बत्तीसच्या बत्तीस मुलं बोलती झाली, आणि बुजऱ्या मुलांसाठी मी या खेळाची कायम ऋणी राहीन.

पण ऑगस्टमध्ये मी एक दिवस नुसती ऐकत फिरले आणि लक्षात आलं की मुलं ‘गाफास?’ ‘बार्बा?’ ‘सोंब्रेरो?’ एवढ्या तीन शब्दांवर जिंकत होती. पूर्ण वाक्य बोलायला लावलं तरी अडचण राहतेच, कारण दाढी, चष्मा, टोपी यांचे प्रश्न बाईला आणि पुरुषाला सारखेच असतात. स्पॅनिशमध्ये विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, ‘आल्तो’चं (उंच) ‘आल्ता’ होतं, आणि या धड्यातलं अवघड काम तेवढंच आहे. हा खेळ नेमकं तेच टाळून जिंकता येतो. शिवाय जुन्या पटावर चोवीसपैकी बायका फक्त पाच होत्या. शहाणा खेळाडू प्रत्येक प्रश्नाला पट अर्धा करायला बघतो: चोवीसचे बारा, बाराचे सहा, सहाचे तीन, म्हणजे पाच प्रश्नांत खेळ संपतो. पाचच बायका असतील तर ‘बाई आहे का?’ हा प्रश्न वाया जातो, कारण बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं आणि एकोणीस चेहरे उभेच राहतात. मग मुलं तो विचारत नाहीत आणि स्त्रीलिंगी रूप कुणाच्या तोंडी येत नाही.

यावर उपाय म्हणून मी स्वतः चोवीस चेहरे काढले, बारा बायका आणि बारा पुरुष. कार्डशीट आणि लॅमिनेशन मिळून २५० रुपयांच्या आत झालं. चष्मे, मिशा, वेण्या, टकलं सगळं वाटून दिलं. खेळ सुधारला, तरी मनासारखा होईना.

खरं कोडं सुटलं ते वह्या तपासताना. मुलांच्या चुका सगळीकडे सारख्या नव्हत्या. ‘बाखो-बाखा’ म्हणजे बुटका-बुटकी, इथे फारसं कुणी चुकत नव्हतं. पण ‘मी एर्माना एस आल्तो’ हे वाक्य दोन्ही तुकड्यांत पानोपानी होतं. माझी बहीण ‘उंचा’! ‘त्राबाखादोर’ (कष्टाळू), ‘सिंपातिको’ (मनमिळाऊ) इथेही तेच. मी फळ्यावर मराठी लिहिलं आणि माझं मलाच दिसलं. बुटका, बुटकी, बुटकं. शहाणा, शहाणी, शहाणं. पण उंच मुलगा, उंच मुलगी. कष्टाळू मुलगा, कष्टाळू मुलगी. मनमिळाऊही तसंच. आपल्या व्याकरणात विकारी आणि अविकारी विशेषणं असतात हे सहावी-सातवीत कधीतरी येऊन जातं. मूल जिथे मराठीत शब्द बदलतं तिथे स्पॅनिशमध्येही बदलत होतं, आणि जिथे मराठीत बदलत नाही तिथे अडत होतं. उलट ‘इंतेलिखेंते’ (हुशार) आणि ‘आलेग्रे’ (आनंदी) दोन्ही भाषांत लिंगाने बदलत नाहीत, आणि तिथे एकही चूक नव्हती.

मला याचा फार आनंद झाला, कारण पुण्यात स्पॅनिश बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवलं जातं. इंग्रजीत विशेषण बदलतच नाही, म्हणून पुस्तक ही गोष्ट काहीतरी अजब नियम म्हणून सांगतं. आपल्या मुलांना तो नियम दोन-तीन वर्षांची असल्यापासून येतो. ‘गोरा वासरू’ असं कुणी मराठी मूल म्हणत नाही. त्यांच्याजवळ असलेली वस्तू त्यांना परकी म्हणून विकायची कशाला? मी तेव्हापासून हा भाग मराठीतून समजावते आणि एका आठवड्याचं काम एका तासात होतं.

त्यातून माझे ‘जुळ्यांचे पत्ते’ तयार झाले. बारा जोड्या, प्रत्येक जोडीत बहीण आणि भाऊ, सगळं सारखं: उंची, केस, चष्मा, चेहऱ्यावरचा भाव. एकाने एक पत्ता बघून वर्णन करायचं, दुसऱ्याने तो उचलायचा. स्पॅनिशमध्ये ‘तो’, ‘ती’ बोलायची गरजच नसते; नुसतं ‘एस आल्ता’ म्हटलं की झालं. म्हणजे पत्ता बहिणीचा की भावाचा हे कळायला शेवटच्या ‘ओ’ आणि ‘आ’शिवाय काहीच उरत नाही. चुकीचा स्वर उच्चारला तर समोरचा चुकीचा पत्ता उचलतो आणि दोघांचाही गुण जातो. मला काही सुधारावं लागत नाही, जोडीदारच ओरडतो, ‘अगं, आल्तो म्हणालीस की तू!’ दहा मिनिटं पुरतात. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला एकदा घेतला, आणि फेब्रुवारीच्या वह्यांत ‘आल्तो’ बहीण मला तीनदाच भेटली.

याच खेळात एका मुलीने मला चकित केलं. तिला जोडीदाराला कोड्यात टाकायचं होतं, म्हणून तिने प्रत्येक वाक्य ‘मी पेर्सोना’ने सुरू केलं. माझी व्यक्ती. ‘मी पेर्सोना एस आल्ता, एस सिंपातिका.’ जोडीदाराने बहीण उचलली आणि पत्ता निघाला भावाचा. भांडण माझ्यापर्यंत आलं. ती म्हणाली, ‘मॅडम, मराठीतपण तसंच आहे ना? बाबा चांगली व्यक्ती आहेत, असंच म्हणतो आपण.’ तिचं शंभर टक्के बरोबर होतं. ‘पेर्सोना’ स्पॅनिशमध्ये कायम स्त्रीलिंगी, मग ती व्यक्ती पुरुष का असेना, आणि ‘पेर्सोनाखे’ म्हणजे पात्र, ते कायम पुल्लिंगी. हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. तिने ते स्वतःच्या भाषेतून शोधून काढलं होतं. त्या दिवशी मी उरलेला तास तिलाच शिकवायला दिला.

चित्र-श्रुतलेखन, म्हणजे एकाने वर्णन वाचायचं आणि दुसऱ्याने न बघता काढायचं, हा खेळही ठेवण्यासारखा आहे. राक्षस काढायला दिला तर मुलं मोकळी होतात: तीन हिरवे डोळे, निळी दाढी. आकडे, रंग आणि अवयव इथे पक्के होतात. पण एका गोष्टीवर लक्ष ठेवावं लागतं. मराठीत केस अनेकवचनी, स्पॅनिशमध्ये डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘एल पेलो’, एकवचन. मुलं हटकून ‘लोस पेलोस’ म्हणतात. आणि आपण ‘तिचे डोळे काळे आहेत’ म्हणतो तिथे स्पॅनिश माणूस सहसा ‘तिच्याकडे डोळे काळे आहेत’ अशा धाटणीने ‘तिएने लोस ओखोस नेग्रोस’ म्हणतो. ‘सुस ओखोस सोन नेग्रोस’ हे व्याकरणात चूक नाही, पण तसं रोज बोलत नाहीत. ३५ मिनिटांच्या तासाला हा खेळ मोठा पडतो, रंगपेट्या काढण्यातच दहा मिनिटं जातात. जोडतास असेल तरच घ्या.

आता बंद केलेल्या खेळाबद्दल. ‘वर्गातलं कोण?’ असा खेळ अनेक पुस्तकांत सुचवलेला असतो: एका मुलाने वर्गमित्राचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मी तो जुलैत एकदाच घेतला. एक तर आमच्या वर्गात सगळ्यांचेच केस काळे, सगळ्यांचेच डोळे काळे किंवा तपकिरी. स्पॅनिश पुस्तकातले ‘रुबिओ’ आणि ‘पेलिर्रोखो’, सोनेरी आणि लालसर केसांचे, इथे कुणी नाहीत. मग मुलं रंगावर आणि जाडीवर गेली. ‘गोर्दा’ (जाडी) हा शब्द आला, हशा झाला, आणि एक मुलगी पुढचे दोन आठवडे माझ्या तासाला तोंड उघडेना. चूक माझी होती. मी तिची माफी मागितली आणि तिच्या आईशीही बोलले. तेव्हापासून माझ्या वर्गात शरीराचं वर्णन फक्त चित्रातल्या माणसांचं होतं. वर्गातल्या माणसांचे कपडे आणि स्वभाव सांगायचे, आणि स्वभावही चांगलाच. या बाबतीत कुणी मला ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणालं तरी मी ऐकत नाही.

मोठ्यांच्या बॅचमध्ये मात्र रंगाच्या शब्दांवर छान चर्चा झाली. आपला ‘गोरा’ आणि त्यांचा ‘रुबिओ’ एक नाहीत. ‘रुबिओ’ मुख्यतः केसांबद्दल बोलतं. ‘मोरेनो’ म्हणजे काळ्या केसांचा, किंवा सावळा, किंवा उन्हाने रापलेला, संदर्भावर अवलंबून. घाऱ्या डोळ्यांना ‘ओखोस क्लारोस’ जवळचं. आणि लॅटिन अमेरिकेत एक शब्द आहे ‘त्रिगेन्यो’. ‘त्रिगो’ म्हणजे गहू. गव्हाळ! हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा बॅचमधल्या एक निवृत्त शिक्षिका खुर्चीतून उठून पुढे आल्या आणि तो नीट वाचून वहीत दोनदा लिहून घेतला.

याच बॅचसाठी मी ‘लास मेनिनास’ वापरलं आणि ते इतकं रंगलं की जानेवारीत आठवीलाही दिलं. वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराचं हे १६५६ मधलं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, तीन मीटरहून उंच. आरशातले राजा-राणी धरून त्यात अकरा माणसं आहेत, शिवाय एक कुत्रा. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता, सोनेरी केसांची. दोन्ही बाजूंना तिच्या सख्या. चित्राचं नाव त्यांच्यावरूनच. डावीकडे स्वतः चित्रकार, हातात कुंचला, मिशी वळवलेली. मागच्या दारात पायरीवर थांबलेला एक माणूस. चित्राची प्रत भिंतीवर लावायची, एकाने अकरापैकी एक मनात धरायचा आणि इतरांनी विचारायचं. इथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्ही क्रियापदं आपोआप लागतात: तो कसा आहे ते ‘सेर’ने, कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे ते ‘एस्तार’ने. मराठीत दोन्हीला ‘आहे’ चालतं म्हणून मुलं गोंधळतात. मला उपयोगी पडलं ते हे: ‘एस ग्वापा’ म्हणजे ती सुंदर आहे, ‘एस्ता ग्वापा’ म्हणजे आज ती सुंदर दिसतेय. ‘दिसतेय’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात दिवा लागतो. या चित्रात राजदरबारातली दोन ठेंगणी माणसंही आहेत, मारी बार्बोला आणि निकोलासितो. त्यांच्याबद्दल मी आधीच बोलून घेते, त्यांची नावं सांगते, आणि मग मुलं त्यांना नावानेच ओळखतात.

डेले ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा; तिच्या ए-२ या प्राथमिक पातळीला तोंडी भागात छायाचित्राचं वर्णन करावं लागतं. बॅचमधल्या ज्या दोघांना ती द्यायची आहे त्यांना या सरावाचा थेट उपयोग होतोय.

कुटुंबाच्या फोटोचा खेळ मी थोडक्यात घेते. तिथे दोन गमतीच्या अडचणी आहेत. आपण आजोबांबद्दल आदराने ‘आजोबा उंच आहेत’ म्हणतो, म्हणून मुलं ‘मी आबुएलो सोन आल्तोस’ लिहितात, एका आजोबांना अनेकवचन. त्यांना सांगावं लागतं की स्पॅनिशमध्ये आदर असा दाखवत नाहीत, ‘एस आल्तो’ म्हटल्याने आजोबांचा अपमान होत नाही. एका मुलाला हे पटेना, आणि मला त्याचं न पटणं फार आवडलं. दुसरी अडचण ‘तिआ’ची. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्या एकाच शब्दात. मुलं विचारतात, मग कळणार कसं? ‘आईची बहीण’ असं फोड करून सांगायला शिकवलं की त्यांना षष्ठीचा ‘दे’ही येतो.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी जुळ्यांच्या पत्त्यांपासून सुरुवात करावी. केस आणि कपडे दोघांचे सारखेच ठेवा, नाहीतर मुलं वेणीवरून ओळखतात. माझ्या पहिल्या संचात बहिणींना फ्रॉक घातले होते आणि तो अख्खा संच पुन्हा काढावा लागला. आता सगळ्यांना शर्ट-पँट आणि कानापर्यंतचे केस आहेत, बहिणींच्या पत्त्यावर फक्त एक छोटा ठिपका आहे, पत्ता कुणाचा ते कळायला. पुढच्या जूनसाठी आजी-आजोबांच्या सहा जोड्या काढायला घेतल्या आहेत. आजोबांची मिशी काढून टाकावी लागली, त्याचं मात्र वाईट वाटतं.