‘केदार’ वहीत कसे लिहावे: इंग्रजी अर्थाने की मराठी अर्थाने?

स्पॅनिश शिकायला घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांतच ‘केदार’ हे क्रियापद समोर येते आणि शब्दांच्या वहीत त्याच्यापुढे कोणता अर्थ लिहावा, हा प्रश्न पडतो. उच्चाराची अडचण फारशी नाही. शब्द जवळजवळ केदार रागासारखाच ऐकू येतो, फक्त आघात ‘दार’वर द्यायचा आणि ‘द’ म्हणताना जीभ दातांना जेमतेम टेकवायची. अडचण अर्थाची आहे. स्पॅनिश-इंग्रजी कोश उघडला, तर स्टे, रिमेन, बी लेफ्ट, फिट, सूट, मीट, अग्री, कीप, बिकम, टर्न आउट अशी रांग लागते आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे ती रांग सांगत नाही. मी सुरुवातीला वर्षभर इंग्रजी रकाना ठेवला आणि नंतर त्याच वहीत मराठी रकाना आखला. हे क्रियापद शिकायचे असेल तर मराठी रकाना आधी भरावा, असे माझे मत आहे. मात्र इंग्रजी रकाना पुसून टाकावा, असे मी म्हणणार नाही.

‘केदार’चे मूळ लॅटिनमधल्या ‘शांत करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. इंग्रजीतला क्वायट त्याच कुळातला. हालचाल थांबल्यावर जे जिथे आणि ज्या अवस्थेत असते, त्याची नोंद हे क्रियापद करते. संचारबंदीला स्पॅनिशमध्ये ‘तोके दे केदा’ म्हणतात, म्हणजे सर्वांनी आपापल्या जागी स्वस्थ व्हावे म्हणून दिलेला टोल किंवा बिगुल. ही एक कल्पना डोक्यात ठेवली की पुढचे अर्थ सुटे वाटत नाहीत.

पहिला अर्थ उरण्याचा. खिशात दोन युरो शिल्लक असतील तर स्पॅनिश माणूस ‘मे केदान दोस एउरोस’ म्हणतो. इंग्रजीत याचे भाषांतर ‘आय हॅव टू युरोज लेफ्ट’ असे होते आणि तिथेच शिकणाऱ्याचा घात होतो, कारण इंग्रजीत वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे. इंग्रजीवरून वाक्य बांधणारा विद्यार्थी ‘यो केदो’ (‘यो’ म्हणजे ‘मी’) अशी सुरुवात करतो आणि अडखळतो. मराठीत ‘माझ्याकडे दोन युरो उरले’ असे म्हणताना क्रियापद युरोंप्रमाणे चालते, एक युरो असेल तर ‘उरला’ होते, आणि ‘मी’ बाजूला उभा राहतो. स्पॅनिशमध्ये नेमके हेच घडते: एक युरो असेल तर ‘केदा’, अनेक असतील तर ‘केदान’. हा नियम मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, फक्त दाखवून द्यावा लागतो.

कपड्यांच्या दुकानातही तेच दिसते. कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येऊन ‘कोमो मे केदा?’, म्हणजे ‘मला कसा दिसतो?’, असे विचारायचे असते. सोबतची मैत्रीण ‘ते केदा ग्रांदे’ म्हणाली, तर तिला ‘तुला मोठा होतोय’ असे म्हणायचे आहे. ‘ते केदा बिएन’ म्हणाली, तर ‘तुला छान दिसतो’ किंवा ‘छान बसतो’. मराठीतला ‘मला’ आणि ‘तुला’ स्पॅनिशच्या ‘मे’ आणि ‘ते’ यांच्या जागी जसाच्या तसा बसतो. इंग्रजीत मात्र मापाला फिट, शोभण्याला सूट आणि मोठे होण्याला आणखी वेगळी रचना लागते, म्हणजे जे वाक्य एका साच्यातून निघाले असते त्यासाठी तीन साचे पाठ करावे लागतात.

मला सर्वांत जास्त आनंद ‘ठरणे’ या क्रियापदाने दिला. स्पेनमध्ये ‘केदामोस आ लास ओचो’ म्हणजे आठ वाजता भेटायचे ठरवू या. बोलणे लांबले आणि निर्णय होईना, की कोणी तरी वैतागून ‘एन के केदामोस?’ असे विचारतो. मराठीत आपण तिथे ‘मग ठरलं काय?’ असेच म्हणतो. दुसरीकडे, एखाद्याची फजिती झाली तर ‘केदो कोमो उन तोन्तो’, म्हणजे तो मूर्ख ठरला. भेट ठरणे आणि मूर्ख ठरणे हे दोन अर्थ इंग्रजी कोशात मीट आणि टर्न आउट अशा नात्यागोत्याबाहेरच्या शब्दांनी दिलेले असतात. मराठीत ते एकाच क्रियापदात नांदतात, आणि त्या क्रियापदाच्या मुळाशीही थांबण्याचा, स्थिरावण्याचाच अर्थ आहे. ‘नजर ठरत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तो मूळ अर्थ अजून ऐकू येतो.

अंतराबद्दल फार लिहायला नको. ‘ला ओफिसीना मे केदा लेखोस’ याचे ‘ऑफिस मला लांब पडते’ हे भाषांतर इतके नेमके आहे, की त्यावर भाष्य करण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की इमारत, गाव किंवा दुकान कुठे आहे हे विचारताना ‘केदा’ चालते, पण माणूस किंवा किल्ल्या आत्ता कुठे आहेत हे विचारायचे असेल तर ‘एस्तार’ हे क्रियापद वापरावे लागते.

आता ‘केदार्से’, म्हणजे ‘से’ जोडलेले रूप. घरीच थांबणे, ठेवून घेणे आणि एखाद्या अवस्थेत जाणे हे त्याचे मुख्य अर्थ आहेत आणि इथे ‘राहणे’ जवळजवळ सगळीकडे पुरते. टॅक्सीवाल्याला ‘केदेसे कोन एल काम्बिओ’ म्हणणे म्हणजे ‘सुटे राहू द्या’. ‘से केदो मिरांदो’ म्हणजे तो पाहतच राहिला. ‘से केदो एम्बारासादा’ याचे इंग्रजी गॉट प्रेग्नंट असे होते, पण मराठीत ‘ती गरोदर राहिली’ हे शब्दाला शब्द लावून मिळते. अवस्थाबदलाच्या बाकीच्या प्रयोगांत मात्र दोन्ही भाषा सारख्याच निरुपयोगी आहेत. आंधळे होणे, बहिरे होणे, विधवा होणे यांना स्पॅनिश ‘केदार्से’ वापरते, चिडणे किंवा लाजून लाल होणे यांना ‘पोनेर्से’, आणि वेडे होणे याला ‘बोल्बेर्से’. मराठीचे ‘होणे’ आणि इंग्रजीचे बिकम हे सर्वांना एकाच पिशवीत भरतात. काही गमावल्यानंतर जी अवस्था मागे उरते, ती बहुधा ‘केदार्से’ने सांगितली जाते, एवढी खूण पुष्कळ कामाला येते.

‘राहणे’मध्ये एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. मराठीत पुण्यात राहतो म्हणजे पुण्यात वास्तव्य आहे. भारतीय इंग्रजीतही आपण ‘व्हेअर डू यू स्टे?’ असेच विचारतो. त्याच ओघात एका स्पॅनिश पाहुण्याला मी ‘दोन्दे ते केदास?’ असे विचारले आणि त्याने निमूटपणे आपल्या हॉटेलचे नाव सांगितले. मला त्याचे गाव हवे होते. वास्तव्याला ‘बिबिर’ हे क्रियापद आहे, ‘केदार्से’ नव्हे. विदर्भातल्या वाचकांनी आणखी सावध असावे, कारण ‘काय करून राहिला?’ मधल्या ‘राहिला’चाही ‘केदार’शी संबंध नाही, तिथे पुन्हा ‘एस्तार’च लागते.

इंग्रजी रकाना खरोखर लागतो तो बोलीतल्या वाक्प्रयोगांना. स्पेनमध्ये ‘ते एस्तास केदान्दो कोनमिगो?’ याचा अर्थ ‘माझी फिरकी घेतोस का?’ असा होतो. शब्दशः मराठी करू गेल्यास ‘माझ्याबरोबर राहतोस का?’ असे भलतेच काही हाती येते, तर इंग्रजी कोश सरळ किडिंग असा अर्थ देऊन मोकळा होतो. ‘केदार माल’, म्हणजे कोणाच्या तरी मनात आपल्याबद्दल वाईट मत होणे, यालाही मराठीत सुटसुटीत एक क्रियापद सापडत नाही. भेटीच्या अर्थानेही एक सूचना हवी: मेक्सिकोत भेट ठरवताना ‘केदार दे’ अशी रचना ऐकू येते, स्पेनमध्ये ‘केदार एन’. असे प्रादेशिक भेद नोंदवलेले कोश आपल्याला सहज मिळतात ते इंग्रजीतलेच.

गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज अजून बोलली किंवा वाचली जाते, त्यांना या दोन्ही रकान्यांची गरज कमी पडावी. पोर्तुगीजमधल्या ‘फिकार’ या क्रियापदाकडे राहणे, ठेवून घेणे, लांब पडणे आणि गरोदर राहणे हे सगळे अर्थ आहेत. भेट ठरवण्याचा स्पेनमधला प्रयोग तेवढा वेगळा शिकावा.

ज्यांना स्पेनच्या सेर्व्हान्तेस संस्थेची देले ही स्पॅनिश भाषेची परीक्षा द्यायची आहे, त्यांनी मराठी रकाना निःशंकपणे निवडावा, कारण त्या परीक्षेत इंग्रजी भाषांतर विचारत नाहीत. तिथे स्पॅनिश वाक्य न अडखळता बांधता आले पाहिजे. उलट ज्यांना एखाद्या कंपनीत स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतराचे काम करायचे आहे, त्यांना इंग्रजी शब्दांची ती लांबलचक रांग पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. अशांनी निदान ती रांग उरणे, ठरणे, पडणे आणि राहणे या चार मथळ्यांखाली लावून घ्यावी, आणि फिरकी घेण्याचा अर्थ पानाच्या तळाशी वेगळ्या शाईने लिहून ठेवावा.