थर्ड क्लास की बेसिकमेड? चाळिशी ओलांडलेल्या हौशी वैमानिकाचा हिशोब

अमेरिकेत खासगी लायसन्सवर उडणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कोणाचा ना कोणाचा दर वर्षी फोन येतो: "मेडिकल संपत आलंय रे, परत थर्ड क्लासच करू की बेसिकमेडवर जाऊ?" थर्ड क्लास म्हणजे एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचं) खासगी वैमानिकासाठीचं वैद्यकीय सर्टिफिकेट; बेसिकमेड म्हणजे त्याऐवजी साध्या डॉक्टरची तपासणी आणि ऑनलाइन कोर्स यांवर उडायची सोय. मी दोन्ही केलंय. फोनवर दर वेळी अर्धवटच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

ज्यांना निवडच नाही त्यांनी इथेच थांबावं. पहिल्यांदा शिकत असाल तर एकदा तरी एएमईकडे (एफएएने नेमलेल्या वैद्यकीय तपासनिसाकडे) जाऊन रीतसर मेडिकल घ्यावंच लागतं, कारण 14 जुलै 2006 नंतर कधी तरी मेडिकल मिळालेलं असल्याशिवाय बेसिकमेडचं दार उघडत नाही. पैसे घेऊन प्रवासी नेणार असाल तर सेकंड क्लास हवं, तो विषय वेगळा.

चाळिशीच्या आत असाल तर मी तरी थर्ड क्लासच घेईन. 60 महिने चालतं, आणि तेही ज्या महिन्यात संपतं त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. बेसिकमेडची डॉक्टरी तपासणी 48 महिन्यांनी पुन्हा करावी लागते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: वय तपासणीच्या दिवशीचं धरतात. यात मी स्वतः मार खाल्लाय. माझा वाढदिवस ऑगस्टमधला. पहिलं मेडिकल 35व्या वर्षी, सप्टेंबरात झालेलं. म्हणजे ते संपलं तेव्हा मला चाळीस पूर्ण होऊन महिना उलटला होता. जुलैत गेलो असतो तर एकोणचाळीस वर्षांचा म्हणून आणखी पाच वर्षं पदरात पडली असती. पण टूथपेस्टची ट्यूब कापून संपवणाऱ्या घरात वाढलोय. दोन महिने शिल्लक असताना नवं सर्टिफिकेट घेणं जिवावर आलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐटीत गेलो आणि 24 महिन्यांचं घेऊन आलो. दोन महिने वाचवायला जाऊन पावणेतीन वर्षं घालवली.

चाळिशीनंतर खरा प्रश्न सुरू होतो, कारण थर्ड क्लास दर 24 महिन्यांनी. तपासणी स्वतः काहीच नाही. नजर, कान, रक्तदाब, लघवीचा नमुना, अर्ध्या तासात बाहेर. वैताग आहे तो आधीच्या फॉर्मचा. मेडएक्सप्रेसवर, म्हणजे एफएएच्या ऑनलाइन अर्जावर, बसलं की "आयुष्यात कधीही" अशा सुरुवातीची आजारांची यादी, मग गेल्या तीन वर्षांत कोणकोणत्या डॉक्टरकडे का गेलात त्याचा हिशोब. दिवाळीत पणतीची काच पायात घुसून अर्जंट केअरला गेलो होतो, ती तारीख शोधायला मी एक अख्खी संध्याकाळ बँकेची स्टेटमेंटं चाळत बसलो होतो. तरी हे चालवून घेतलं असतं. माझं ठरलं ते 2022 मध्ये.

आई-बाबा नाशिकहून आले होते. बाबांना हडसन नदीवरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवायचा, हा माझा लायसन्स मिळाल्यापासूनचा बेत. सप्टेंबरचे दोन शनिवार ढगांनी खाल्ले. तिसऱ्याला क्लबचं विमान रिकामं नव्हतं. उरला 1 ऑक्टोबर, कारण पुढच्या दोन दिवसांत ते निघणार होते, दसऱ्याला घरी असायचं होतं. माझं मेडिकल 30 सप्टेंबरला संपत होतं, म्हणून त्याच आठवड्यात एएमईची वेळ घेतलेली. त्या वर्षी मला रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झाली होती. एएमई सभ्य माणूस. म्हणाले, गोळीचं काही नाही, पण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र लागेल; तोवर कागद उघडा ठेवतो, मात्र 14 दिवसांत मला तो वर एफएएकडे पाठवावाच लागतो. नेहमीचे डॉक्टर नेमके सुट्टीवर.

शुक्रवारी रात्री बाराला सर्टिफिकेट संपलं. शनिवारी आकाश असं निरभ्र, की क्लबच्या दारातून क्षितिजावरचं पाणीही दिसावं. उड्डाणाचं लायसन्स असलेला एक मित्र म्हणाला, "मी नेतो काकांना, तू मागे बस." बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तू चालवणार नसशील तर पुतळा बोटीतूनही दिसतो." आम्ही बोटीने गेलो. पत्र दहाव्या दिवशी आलं, सर्टिफिकेट मिळालं, आणि रक्तदाब तर तिथे बसल्या बसल्याच उत्तम होता.

चूक कोणाची नव्हती, हे मला मान्य आहे. मी आधी जायला हवं होतं. पण तेव्हा उमगलं, की थर्ड क्लासमध्ये दर दोन वर्षांनी तुमची फाइल नव्याने उघडते, आणि ती बंद होईपर्यंत तुम्ही जमिनीवर. त्यात एखाद्या वेळी अर्ज नामंजूर झाला तर ते मिटेपर्यंत बेसिकमेडही बंद.

पुढच्या वेळी, म्हणजे 46व्या वर्षी, बेसिकमेडवर गेलो. ते 1 मे 2017 पासून आहे. जुने लेख वाचून गोंधळू नका, नोव्हेंबर 2024 पासून मर्यादा वाढल्या आहेत: 7 आसनं, 6 प्रवासी, 12,500 पौंड वजन. 18,000 फुटांपर्यंतच्या उंचीची आणि 250 नॉट वेगाची अट तीच आहे, पण क्लबच्या छोट्या सेस्ना 172वाल्याला या आकड्यांचं काय!

बेसिकमेडचं नाटक वेगळं. कागदावर "राज्याचा परवाना असलेला कोणताही डॉक्टर" चालतो. माझ्या डॉक्टरांनी चेकलिस्ट वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, सही करण्याआधी आमच्या कायदा विभागाला विचारतो. कायदा विभाग महिनाभर विचार करत होता. शेवटी कुठे गेलो? त्याच एएमईकडे. तेही डॉक्टरच आहेत, बेसिकमेडची तपासणी करतात. तीच खोली, तोच अक्षरांचा तक्ता, तोच वजनकाटा. फरक इतकाच, की निघताना चेकलिस्ट माझ्या हातात. ती एफएएकडे जात नाही, माझ्या लॉगबुकात राहते. ज्यांना हृदयविकाराचे, मेंदूचे किंवा मानसिक आजाराचे काही ठरावीक निदान आहे त्यांना आधी एकदा एफएएची खास मंजुरी घ्यावी लागते. ते घरच्या डॉक्टरशी मोकळेपणाने बोलूनच ठरवा. बाकी प्रकृती बरी नसेल त्या दिवशी उडायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

तपासणीनंतर ऑनलाइन कोर्स. एओपीए या वैमानिकांच्या संघटनेचा फुकट आहे, एका संध्याकाळचं काम. इथे एक खोच आहे. तपासणी 48 महिन्यांनी, कोर्स मात्र 24 महिन्यांनी. दोन घड्याळं. थर्ड क्लासच्या कागदावरही संपायची तारीख नसते, तपासणीची असते, पण निदान मोजायला एकच असते. मी दोन्ही तारखा चिठ्ठीवर लिहून लॉगबुकच्या आतल्या बाजूला चिकटवल्यात, शिवाय बायकोच्या फोनमध्ये टाकल्यात, कारण माझ्या फोनमधल्या आठवणी मी न वाचता पुसतो.

थर्ड क्लास कोणाला सोडू नका म्हणेन? परदेशात उडायचं असेल त्यांना. बेसिकमेड मुळात अमेरिकेपुरतं आहे. बहामाज मान्य करतं, पण इतर देशांचं आधी तपासावं लागतं. आणि सुट्टीत भारतात एखाद्या फ्लाइंग क्लबात हा कागद दाखवून काही होईल अशी आशा ठेवू नका. क्लबच्या विम्याला माझ्या बाबतीत अडचण आली नाही, तुमच्या क्लबचं विचारून घ्या. प्रकृती ठणठणीत, कसली गोळी नाही आणि ओळखीचा एएमई असेल तर थर्ड क्लासही वाईट नाही. माझे दोन दोस्त वर्षानुवर्षं तेच करतात आणि मला उगाच घाबरट म्हणतात. म्हणू देत. त्यांना अजून गोळी सुरू झालेली नाही.

बाबा पुढच्या मे महिन्यात येताहेत. कोर्स सप्टेंबरअखेर चालतो, तपासणी त्यानंतरही दोन वर्षं. चिठ्ठी दोनदा वाचून पाहिली. मेमधले सगळे शनिवार विमान माझ्या नावावर आहे.