एमपीटी न्यूरो की अमेरिकेतली न्यूरो रेसिडेन्सी? दोन्हीकडचे कागद जमवलेल्या एकाचं मत

घरी पहिल्यांदा ‘न्यूरोत रेसिडेन्सी करीन म्हणतो’ असं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘सदरच्या रेसिडेन्सी रोडवर? तिथे कोणतं हॉस्पिटल निघालं बाप्पा?’ त्यांचंही चूक नव्हतं. नागपुरात रेसिडेन्सी म्हटलं की एक तर सदर भागातला तो रस्ता, नाही तर मेडिकलच्या वॉर्डात रात्रभर जागलेला एमडीचा पोरगा. फिजिओथेरपिस्टची रेसिडेन्सी हा शब्द आपल्या बोलण्यातलाच नाही. तरी दर वर्षी फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली की दोन-चार जणांचे फोन येतात: सर, इथेच एमपीटी न्यूरो (फिजिओथेरपीतलं मास्टर्स, मेंदू आणि नसांच्या आजारांचं) करू की सरळ अमेरिकेतल्या रेसिडेन्सीची तयारी करू? दर वेळी तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी एमपीटी केलं. त्याआधी तिकडचे कागद जमवले, बरेच पुढे नेले आणि सोडून दिले. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच. तो वजा करून वाचा.

आधी रेसिडेन्सीचं जे खरोखर चांगलं आहे ते. कार्यक्रम साधारण वर्षभराचा. मान्यताप्राप्त रेसिडेन्सीत किमान १,५०० तास पेशंट बघायचे, ३०० तास अभ्यासाचे, आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे किमान १५० तास एकास एक मेंटरिंगचे. त्यातला मोठा भाग पेशंट समोर असताना. हात तुमचा पेशंटवर, आणि शेजारी अनुभवी माणूस उभा राहून तुमचा अंगठा कुठे टेकलाय ते बघतोय. पूर्ण केलीत की न्यूरोलॉजिक क्लिनिकल स्पेशलिस्टच्या, म्हणजे एनसीएसच्या, बोर्ड परीक्षेला बसता येतं. रेसिडेन्सी न करता बसायचं तर न्यूरोच्या पेशंटसोबतचे २,००० तास दाखवावे लागतात. शिवाय तिथे पगार मिळतो. नेहमीच्या थेरपिस्टपेक्षा कमी, पण मिळतो. एमपीटीत आपण दोन वर्षं फी भरतो आणि वर यूजीच्या (पदवीच्या) पोरांचे क्लिनिक सांभाळतो.

त्या १५० तासांसमोर माझा हिशोब ऐका. माझ्या दोन वर्षांत मी पेशंट हाताळतोय आणि गाईड शेजारी उभ्या राहून बघताहेत असे प्रसंग दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाई वाईट नव्हत्या, हुशार होत्या. पण त्यांच्यामागे यूजीची लेक्चर्स, हजेरीपट आणि इन्स्पेक्शनच्या फायली. मी लॉगबुक घेऊन केबिनबाहेर उभा राहायचो, त्या एका दमात आठवड्याभराच्या सह्या करायच्या आणि विचारायच्या, ‘सॅम्पल कुठवर आलं?’

सॅम्पल म्हणजे डेझर्टेशनचं, एमपीटीच्या प्रबंधाचं. माझ्या वेळी पहिल्या सहा महिन्यांतच सिनॉप्सिस, मग एथिक्स कमिटी, मग तीस पेशंट गोळा करायचे. माझा तेविसावा पेशंट गोंदियाचा. दुसऱ्या आठवड्यापासून तो यायचाच बंद झाला. फोन केला तर म्हणाला, धानकापणी सुरू झाली. आता पाय ओढत का होईना माणूस कापणीला उभा राहिला यापेक्षा चांगला रिझल्ट कोणता? पण माझ्या तक्त्यात तो ड्रॉपआउट.

अभ्यासक्रमाचंही तेच. तिकडे २०१८ पासून न्यूरोसाठी ठरावीक सहा मापांचा संच सुचवलेला आहे: बर्ग (तोल मोजणारी चाचणी), दहा मीटर चालणं, सहा मिनिटं चालणं वगैरे. २०२० च्या गाइडलाइनने तर स्ट्रोकनंतर सहा महिने उलटलेल्या माणसाला भरपूर आणि धाप लागेल इतक्या जोरात चालवा असं स्पष्ट सांगितलं. मला मात्र प्रॅक्टिकलच्या व्हायवात रूडचं आयसिंग (स्नायू जागवायला बर्फ लावायची जुनी पद्धत) कुठे आणि किती वेळ, ते विचारलं. उत्तर मला येत होतं, मार्कही मिळाले. त्या दिवशीनंतर मी कुणाला बर्फ लावलेला नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही पासपोर्टची फाईल उघडली असेल. उघडा, पण रेसिडेन्सीच्या दारापर्यंतचा रस्ता आधी बघून घ्या. आधी लायसन्स, मग रेसिडेन्सी. लायसन्ससाठी क्रेडेन्शियल तपासणी, म्हणजे आपली पदवी तिकडच्या तोडीची आहे का ते बघणं. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठातून बंद पाकिटात जायला हवं, आणि चारही वर्षांचा सिलॅबस विषयवार, तासांसकट. माझ्या सिलॅबसच्या प्रत्येक पानावर शिक्का हवा होता. आमच्या कॉलेजातल्या बाबूंनी शिक्का मारला, पण शाई इतकी फिकी की स्कॅनमध्ये उमटेना. पुन्हा गेलो तर ते म्हणाले, एकदा मारला न शिक्का, दोनदा कसा मारू? मग इंग्रजीची परीक्षा. माझ्या वेळी टोफेलच्या स्पीकिंगमध्ये ३० पैकी २६ लागायचे, आणि त्या २६ वर आमच्या बॅचचे निम्मे लोक अडकले. मग एनपीटीई, म्हणजे तिकडच्या फिजिओथेरपिस्टची लायसन्स परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ६०० चा स्केल स्कोअर, आयुष्यात एकूण सहा संधी, आणि परीक्षा द्यायला जायचं अमेरिकेतच. म्हणजे व्हिसा आला. तो झाला की नोकरीचा व्हिसा, आणि रेसिडेन्सीवाले तो प्रायोजित करतीलच असं नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडच्या सरकारने बाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-वन-बी अर्जामागे १ लाख डॉलरचा बोजा टाकला. एका रेसिडेंटसाठी कोणतं हॉस्पिटल तेवढे पैसे मोजेल, तुम्हीच सांगा.

पण खरं सांगू? यातल्या कशामुळेही मी मागे फिरलो नाही. कागदांचा त्रास सगळ्यांनाच असतो आणि चिकाटीने तो सुटतोही. माझी एक बॅचमेट या सगळ्यातून गेली. अर्जापासून रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवसापर्यंत तिला चार वर्षांच्या आसपास लागली. आज ती खुश आहे.

माझं अडलं ते वेगळ्याच जागी, आणि ऐकायला ते क्षुल्लक वाटेल. परीक्षेच्या तयारीसाठी मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलची नोकरी सोडली आणि रामदासपेठेतल्या अभ्यासिकेत बसायला लागलो. सकाळी आठ ते रात्री नऊ. शेजारी एमपीएससीवाला, पलीकडे सीएवाली, मध्ये मी आणि माझे एमसीक्यू. पाच महिने. उन्हाळ्यात कूलरच्या पाण्याचा तो कुबट वास आजही आला की मला ‘खालीलपैकी सर्वांत योग्य हस्तक्षेप कोणता’ हेच आठवतं. पाच महिन्यांत मी एकाही पेशंटला हात लावला नाही.

मग जुन्या सिनिअर मॅडम गावाला गेल्या आणि आठवडाभर त्यांचे पेशंट बघायला मला बोलावलं. पहिलाच पेशंट उमरेडकडचा शेतकरी, पन्नाशीचा, डाव्या बाजूचा लकवा, तीन आठवडे झालेले. डावा हात पूर्ण ढिला, खांद्याच्या टोकाखाली दोन बोटं मावतील एवढी फट. मला थिअरी तोंडपाठ होती. सबलक्सेशनवर (खांदा खोबणीतून असा उतरण्यावर) आदल्याच आठवड्यात चाळीस प्रश्न सोडवले होते. मी हात मनगटाला आणि कोपराला धरून वर न्यायला लागलो. नव्वद अंशांच्या अलीकडेच त्यांनी डोळे घट्ट मिटले. काही बोलले नाहीत. बोलली ती उशाशी बसलेली बायको: ‘बाबू, थे मॅडम असा नाही पकडत जी. खालून हात घालते थे.’

खालून म्हणजे स्कॅपुलाखालून, खांद्याच्या फऱ्याखालून. नव्या इंटर्नला जे बोलून बोलून शिकवतात तेच. मला ते माहीत नव्हतं का? एमसीक्यूत आलं असतं तर पाच सेकंदांत टिक केलं असतं. पण हाताला आठवलं नाही. तीन आठवडे नुसतं बघत बसलेल्या त्या माउलीच्या डोळ्यांना माझ्या हातापेक्षा जास्त कळत होतं. मी हात खाली घातला, स्कॅपुला पुढे आणली, आणि मग हात वर गेला. त्यांनी डोळे उघडले.

त्या आठवड्यात आणखीही लक्षात आलं. स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, तपासताना मॉडिफाइड अ‍ॅशवर्थचा १+ आणि २ (ताठरपणाच्या लगतच्या दोन पायऱ्या) मला वेगळा सांगता येईना. पुस्तकात फरक दोन ओळींचा आहे. हातात तो रोज दहा पेशंट केल्यावर येतो, आणि रोजचं सुटलं की जातो. ऑर्थोवाल्यांचं कदाचित निभत असेल. न्यूरोत पोटऱ्या, पोट, खांदा, सगळीकडचा टोन (स्नायूंचा ताण) बोटांनीच वाचायचा असतो.

रेसिडेन्सीच्या रस्त्यावर हे एकदा होऊन संपत नाही. परीक्षेआधी हात सुटतो, व्हिसाची वाट बघताना सुटतो, तिकडे पोचल्यावर पहिली नोकरी गुडघे आणि कमरांची मिळाली तर पुन्हा सुटतो. बॅचमेटचं असंच झालं, वृद्धांच्या नर्सिंग फॅसिलिटीत दोन वर्षं वॉकर वाटण्यात गेली असं ती म्हणते. वर्षभराच्या उत्तम शिक्षणासाठी आधी तीन वर्षं हात गार पडू द्यायचा, हे मला जमेना. कदाचित माझाच हात कच्चा असेल. नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून ही परीक्षा काढणारे लोक मी पाहिलेत, त्यांना माझा मुद्दा लागू नाही.

एमपीटीत काहीही म्हणा, पेशंट पहिल्या दिवसापासून समोर असतो. आणि नागपुरात तो कुठून कुठून येतो! छिंदवाडा, बालाघाट, बैतूल, गडचिरोली. विहिरीत पडून मणका मोडलेला, जीबीएसमधून (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे करणाऱ्या आजारातून) उठणारा, सिकलसेलमुळे अकराव्या वर्षी स्ट्रोक आलेली मुलगी. विदर्भात सिकलसेल आहे हे पुस्तकात सगळेच वाचतात. त्या मुलीने डाव्या हाताने पाटीवर नाव लिहिलं आणि ‘उजव्यानं कधी लिहीन?’ विचारलं, तेव्हा मला पुस्तकातलं काहीच आठवेना.

शिवाय आपले पेशंट जमिनीवर राहतात. बर्ग बॅलन्समध्ये १४ बाबी, एकूण ५६ गुण. खुर्चीतून उठा, एका पायावर उभे राहा, पायरीवर पाय आळीपाळीने ठेवा, खाली पडलेली वस्तू उचला. जमिनीवर बसा आणि उठा, हे त्यात कुठेच नाही. माझ्याकडे मानेवाड्याच्या एक आजी होत्या. बर्ग ४९. कागदावर झकास. त्यांची तक्रार एवढीच की देवघरासमोर बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही तेवढंच केलं: पाटावर, मग घडी घातलेल्या चादरीवर, मग फरशीवर. हे मला कुणी शिकवलं नाही, आजींनी करायला लावलं. तिकडच्या रेसिडेन्सीत पेशंटचं ध्येय धरून काम करायची शिस्त नक्कीच आपल्यापेक्षा पक्की लावत असतील. पण सरावाला ध्येयं मिळणार ती गाडीत चढण्या-उतरण्याची.

मेंटरचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर माझं उत्तर अर्धवट आहे. मी आणि माझा एमपीटीतला पार्टनर दर शुक्रवारी दुपारी एकमेकांच्या पेशंटशेजारी उभे राहायचो. पेशंटची परवानगी घेऊन फक्त हातांचा व्हिडिओ काढायचा, चेहरा नाही, आणि संध्याकाळी चहावर एकमेकांची सालटी काढायची. तो मला म्हणायचा, तू पेल्व्हिस धरतोस की स्कूटरचं हँडल? दोन वर्षांत याचे शंभरेक तास झाले असतील. तरी दोन शिकाऊ मिळून एक गुरू होत नाही, हे मान्य.

बाकीचं झटपट. पैसे: हिशोब इतका उघड आहे की लिहीत नाही. शिकवण्याची नोकरी: इथल्या कॉलेजात शिकवायचं तर एमपीटी लागतंच, तिकडचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसेल. तीन आठवड्यांचा बोबाथ कोर्स किंवा पीएनएफची लेव्हल (दोन्ही न्यूरोच्या उपचारपद्धतींचे छोटे कोर्स) करून भागेल का, असंही विचारतात. करा, पण एमपीटीच्या दुसऱ्या वर्षात किंवा नंतर, हातात पेशंट असताना. आधी केलात तर फोटो आणि टी-शर्ट राहतो.

लग्न होऊन तिकडे जाणार असाल, किंवा लायसन्स आधीच हातात असेल, तर माझं काही ऐकू नका, सरळ रेसिडेन्सीला अर्ज करा. ते १५० तास दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. इथे राहून इथल्याच पेशंटवर काम करायचं असेल तर मी तरी एमपीटीच म्हणेन.

कॉलेज निवडताना मात्र एक करा. प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी, एखाद्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमाराला, न्यूरो ओपीडीत तास-दोन तास बसा. पेशंटचे नातेवाईक बसतात त्या बाकावर. एमपीटीच्या पोरांच्या शेजारी कुणी सिनिअर येऊन उभं राहतं का, राहिलंच तर त्यांची नजर पेशंटवर असते की मोबाइलवर, ते मोजा. दोन तासांत एकदाही कुणी आलं नाही तर ते कॉलेज यादीत खाली टाका.